वाजवून घेतलेली भिंत

आमच्या सासूबाईंचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता, एक मोजायची टेप आणि दुसरी स्वतःची नजर. त्यातही टेप वापरून वापरून ताणली जाते असं त्यांचं म्हणणं, म्हणून अधूनमधून ती लोखंडी पट्टीशी ताडून बघायच्या. नजर ताडून बघायला काही साधन नव्हतं. ती बरोबरच असणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

त्या बायकांचे कपडे शिवायच्या. लवकर विधवा झाल्या, आणि माझ्या नवऱ्याला त्यांनी शिलाई मशीनच्या जिवावर वाढवलं. कापड दुकानदार कमी मोजून देतो, गिऱ्हाईक वजन वाढल्याचं लपवतं, शेजारीण नमुना चोरायला येते, असा सगळा व्यवहार. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. सासूबाई पाणीसुद्धा फुंकून प्यायच्या. चहापत्तीच्या डब्यात पत्ती सपाट करून वर बोटाने रेघ ओढून ठेवायच्या. बटणांच्या डब्याच्या झाकणावर आणि खाली डब्यावर कापडावर खुणा करायच्या खडूची एक सलग रेघ असायची, झाकण फिरलं की रेघ तुटायची. आणि मी तर सून. म्हणजे घरातली पहिली संशयित.

मला त्या वाजवून बघायच्या. "कुठे गेली होतीस?" हे सकाळी एकदा विचारायच्या आणि संध्याकाळी भाजी निवडताना, "मग मघाशी ती बाई भेटली का तुला वाटेत?" असं दुसऱ्या बाजूने. दोन्ही उत्तरं जुळतात का, ते कान देऊन ऐकायच्या. माझी उत्तरं जुळायची, कारण मी खरंच बोलत होते. पण उत्तरं जुळली की त्यांना वाटायचं, हिने पाठ करून ठेवलंय.

लग्न होऊन वर्ष झालं आणि आम्ही नव्या भाड्याच्या जागेत आलो. तळमजल्यावर दोन खोल्या, पुढच्या खोलीचं दार थेट रस्त्यावर उघडणारं. शिवणकामाला याहून चांगली जागा मिळाली नसती. येणारी-जाणारी बाई आत मशीन बघणार, उद्या ब्लाउज घेऊन येणार. मालक वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. कारखान्याच्या गेटवर सुटणाऱ्या कामगारांच्या पिशव्या आणि डबे तपासण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. सगळी गल्ली त्यांना झडतीकाका म्हणायची. तोंडावरही म्हणायची, आणि त्यांना त्यात मानच वाटायचा.

खोली ताब्यात देताना झडतीकाकांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या किल्लीने प्रत्येक भिंत वाजवून दाखवली. ठक्, ठक्, ठक्. "ऐकताय ना ताई? भरीव आहे. गेटवर मी डबे असेच वाजवायचो. आवाज बदलला की समजायचं, आत माल आहे. ही भिंत जशी वाजते तशी मला परत पाहिजे. एक खिळा ठोकलात, तर महिनाअखेर खोली रिकामी."

मग त्यांनी भिंतीला नाक लावलं. मला हसू आवरेना. पण ते गंभीर होते. आधीच्या भाडेकरूने खिळ्याची भोकं टूथपेस्टने बुजवून वर हात फिरवला होता म्हणे. "डोळ्याला दिसलं नाही, पण पेपरमिंटचा वास आला. त्याच्या आधीच्याने साबण भरला होता. मी सगळं हुंगून बसलोय."

सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. शेरास सव्वाशेर भेटला की माणूस जसा बघतो, तशा. नंतर मला म्हणाल्या, "हा माणूस एवढा भिंतीला जपतोय म्हणजे याच्या मनात काहीतरी आहे. चोराच्या मनात चांदणं."

आता अडचण होती आरशाची. शिसवी चौकटीचा पुरुषभर उंचीचा आरसा, उचलायला दोन माणसं लागायची. तो सासूबाईंचा धंदाच होता म्हणा ना. भिंतीला टेकवून ठेवला असता तर प्रश्न मिटला असता, पण तसं करायला त्या तयार नव्हत्या. "कललेला आरसा खोटं बोलतो. बाई उंच दिसते, घेर बारीक दिसतो, आणि घरी गेल्यावर झगा पायात येतो. मग बोल मला." आरसा सरळ उभा, जमिनीपासून वर, लटकलेलाच हवा होता.

आणि माझी स्वतःची एक अडचण होती. बाबांनी लग्नात मला आमच्या घरातलं लंबकाचं घड्याळ दिलं होतं. लाकडी, जाडजूड काचेचं, पाट्याएवढं जड. मी त्याच्या टोल्यांवर लहानाची मोठी झाले. या घरात त्याला भिंत मिळेना, म्हणून ते जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या पलंगाखाली पडलं होतं. एकदा मी भीतभीत म्हटलं, "आई, एक छोटासाच खिळा..." त्यांनी सुई थांबवून माझ्याकडे असं पाहिलं, की मी वाक्य तिथेच सोडलं. ते अर्धं वाक्य मात्र त्यांनी जपून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

माझा नवरा बाजारातून चिकटवायचे हूक घेऊन आला. खोक्यावर हत्ती टांगलेला होता. सासूबाई म्हणाल्या, "हत्ती त्यांचा आहे, आरसा माझा आहे." त्यांनी हूक आधी लोखंडी कपाटाच्या बाजूला चिकटवला आणि त्याला पाण्याने भरलेली बादली अडकवली. जेवणं होईपर्यंत बादली शहाण्यासारखी लटकत राहिली. दुपारी आम्ही जरा आडवे झालो आणि धाडकन आवाज झाला. हूक गेला तो कपाटाचा रंग सोबत घेऊन गेला, आणि आम्ही गुडघ्यावर बसून पाणी टिपत राहिलो. नवऱ्याने ते खोकं मुकाट्याने दुकानात परत केलं.

उपाय शेवटी त्यांनीच काढला. एका संध्याकाळी शिवायला घेतलेला एक कोट कपाटातून काढून माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "हा कोट अंगावर कशावर उभा असतो? खांद्यांवर. शिवणीवर वजन आलं की शिवण उसवते. भिंत म्हणजे शिवण. तिच्यावर वजन द्यायचंच नाही. आपण खांदे करू."

सुताराकडून त्यांनी दोन वासे आणले. ते पोकळ तर नाहीत ना, हे त्यांनी दुकानातच वाजवून घेतलं. सुताराला ते फारसं आवडलं नाही. दोन्ही वासे जमीन आणि स्लॅब यांच्यामध्ये, भिंतीपासून वीतभर पुढे, उभे केले. वर-खाली जुन्या चपलांच्या तळव्यांचे तुकडे ठेवले, म्हणजे स्लॅबला डाग नको आणि फरशीवर सरकायलाही नको. मग खालून पाचरा मारून ते घट्ट केले. दोन्ही वाशांना बोल्टने एक आडवा दांडा जोडला, त्याला आकडे, आणि आकड्यांवर आरसा. आरसा झुलून भिंतीला लागू नये म्हणून खाली मागच्या बाजूला कापडाची एक लांब गुंडाळी. सगळं वजन जमिनीवर. भिंतीला नखही लागलेलं नव्हतं.

झडतीकाकांनी ते बघितलं आणि त्यांचा अजिबात विश्वास बसला नाही.

"एवढा आरसा आणि खिळा नाही? ताई, गेटवर एक जण डब्याला दुसरा तळ करून माल न्यायचा. वरून सगळं झकास. तुमच्या या लाकडांच्या मागे काय आहे, ते दाखवा."

"दाखवायला काय आहे? हात घालून बघा."

त्यांनी हात घातला. कोपरापर्यंत गेला, पुढे जाईना. मग किल्ली घालून जिथे पोचेल तिथे वाजवलं. ठक्, ठक्. भरीव. त्यांची आणखीच पंचाईत झाली. "आरसा उतरवा," म्हणाले. सासूबाईंनी साफ नकार दिला. "संशय तुमचा, मेहनत मी करू?"

तेव्हापासून त्यांचा येण्याचा नेम झाला. कधी नळ गळतोय का बघायला, कधी वायर बघायला, कधी "वरच्या खोलीत पाल शिरली, इकडून आली असेल" म्हणून. येऊन बसायचे, पाणी प्यायचे, आणि उठताना सहज गेल्यासारखं आरशाच्या कडेने किल्ली आत घालून ठक्ठक् करायचे. डाव्या बाजूने, उजव्या बाजूने, खालून, आणि स्टूल मिळालं तर वरून. खिळा मधोमध, अगदी हात पोचणार नाही अशा जागी आहे, याबद्दल त्यांची खात्री दर वेळी वाढत होती.

आणि सासूबाईंची खात्री वाढत होती की हा माणूस आपल्याला बाहेर काढायला निमित्त शोधतोय. आमच्या पाठीमागे दुसऱ्या किल्लीने आत येतो की काय, असं त्यांच्या डोक्यात शिरलं. त्यांनी एक युक्ती केली. आरशाच्या मागे एका वाशापासून दुसऱ्या वाशापर्यंत एक साधा, बारीक पांढरा दोरा ताणून बांधला. कुणी हात घातला की तुटणार. काका समोर वाजवून गेले की नवा बांधायचा, आणि बाहेर जाऊन आलं की, घरात मी असले तरी, आधी तो बघायचा.

दोरा तुटलेला सापडायला लागला.

काका त्या वेळी वर त्यांच्या घरीही नसायचे. कडी-कुलूप जागच्या जागी. मग उरलं कोण?

"आरशामागे काय करत होतीस?"

"मी? काही नाही. पाल गेली असेल."

"पालीवर ढकलू नकोस. पालीचं वजन मला माहीत आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रात्री नवऱ्याला सांगितलं की तो म्हणायचा, "अगं, आईचा स्वभाव आहे." स्वभाव! दुसऱ्याच्या पायात काटा मोडला की आपल्याला तो स्वभाव वाटतो. मी आरशाच्या आसपास झाडायचंही सोडून दिलं. धूळ दिसली की त्या म्हणायच्या, "मुद्दाम जात नाहीस तिकडे. काय लपवायचंय?" असं तीन-चार वर्षं चाललं. सांगते, घरात चोर असलेला परवडला. चोर नसताना चोराची जागा आपल्याला मिळते, ते फार वाईट.

मग ती दुपार आली. बँकेतली एक मॅडम नव्या झग्याची लांबी बघायला आली होती. आरशासमोर उभी, खाली घेराला टाचण्या लावलेल्या, सासूबाई गुडघ्यावर. मी आत होते. एकदम काहीतरी कोसळल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ किंचाळी. धावत बाहेर आले तर आरसा जागच्या जागी होता. पण आरशाच्या खालून भाकरीएवढा गिलाव्याचा तुकडा जमिनीवर येऊन फुटला होता आणि मागून पांढरी धूळ उठत होती.

सासूबाईंनी तो तुकडा पाहिला. मग वर माझ्याकडे पाहिलं.

"खिळा कुठे मारलास?"

"आई!"

"गेल्या आठवड्यात शेजारून हातोडी आणली होतीस."

"स्टुलाचा पाय ठोकायला! तुमच्यासमोर ठोकला!"

"माझ्यासमोर स्टूल. आणि मी कापड आणायला गेल्यावर? ते तुझं घड्याळ तुला टांगायचंच होतं. एवढी घाई झाली होती, तर माझ्या धंद्यावर पाय द्यायचा? ही जागा गेली तर गिऱ्हाईक शोधत येणार आहे का मला?"

मॅडम टाचण्या सांभाळत एका कोपऱ्यात सरकली. परक्या बाईसमोर मला ते ऐकावं लागलं. इतकी वर्षं मी मूग गिळून बसले होते, त्या दिवशी नाही बसले. म्हटलं, "मी मारला नाही. आरसा उतरवा आणि बघा. खिळा निघाला तर मीच या घरातून जाते, तुम्हाला खोली सोडायला नको. आणि नाही निघाला तर मला पुन्हा कधी काही विचारायचं नाही." बोलताना माझा आवाज फाटला, पण बोलले.

आवाज ऐकून झडतीकाका जिन्यावरून उतरलेच होते. दारात उभे, हातात जुडगा, चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी आलेला उजेड. "मी म्हणत नव्हतो? शेवटी माल सापडतोच. उतरवा ताई आरसा. खिळा निघाला की महिनाअखेर खोली रिकामी, आपलं ठरलंय."

आता सासूबाईंना नाही म्हणता येईना. हा सूर्य आणि हा जयद्रथ. नवरा कामावर, म्हणून आरशाला हात लावायला आम्ही चौघं: सासूबाई, मी, काका, आणि प्रत्येक पावलाला टाचणी टोचून "आई गं" म्हणणारी बँकेतली मॅडम. आकड्यांवरून आरसा सोडवला, कसाबसा उचलला आणि मशीनला टेकवून ठेवला.

मग चौघंही भिंतीकडे वळलो.

भिंतीवर आरशाएवढा एक लांबोळा चौकोन होता. त्याच्या मधोमध भिंत रंगवल्या दिवशी होती तशीच होती. भोक नाही, ओरखडा नाही, साधा डाग नाही. आणि त्या जागेच्या भोवती, जिथवर आत घातलेला हात पोचतो तिथवर, सगळीकडून बारीक टोचे पडलेले होते. शेकडो. किल्लीच्या टोकाएवढे. डाव्या कडेला ते दाट होते, तिथेच गिलावा सुटून पडला होता, आणि वर भेग चढत गेली होती.

काका पुढे झाले. सवयीने किल्ली मधोमध टेकवली. ठक्. भरीव. मग कडेला वाजवलं. डब्यासारखा पोकळ आवाज आला आणि आणखी एक पापुद्रा त्यांच्या चपलेवर पडला.

सासूबाई खाली वाकल्या. आरशामागच्या कापडाच्या गुंडाळीवर गिलाव्याच्या चुऱ्याचा ढीग साचला होता, वर्षानुवर्षं झरलेला. त्यांनी बोटांनी तो चाळला. चुऱ्यात बारीक पांढरे दोरे होते, तुटलेल्या दोऱ्यांची टोकं, आणि त्यांच्यात अडकलेले गिलाव्याचे खडे. वरून खडा पडायचा आणि दोरा तुटायचा. इतकंच होतं ते.

त्यांनी दोऱ्याचा एक तुकडा चिमटीत धरून उजेडात नेला.

"साप साप म्हणून भुई धोपटलीत काका," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

काकांच्या हातातला जुडगा खाली आला. "मी भिंत जपत होतो हो, ताई," ते म्हणाले. "माझी चांगली भिंत होती. मी जपतच होतो."

त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मॅडमने त्यांना स्टूल दिलं. खोली सोडायचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही नाही. थोड्या वेळाने उठून गेले. जाताना जिन्यात किल्ल्या वाजू नयेत म्हणून त्यांनी जुडगा मुठीत घट्ट धरला होता.

मला वाटलं, आता सासूबाई मला काहीतरी म्हणतील. 'चुकलं' असं नाही म्हणाल्या तरी निदान नाव घेऊन हाक मारतील. त्यांनी मॅडमचा घेर पुरा टाचला, तिला वाटेला लावलं, खोली झाडली आणि तुटके दोरे चुऱ्यासकट केरात टाकले. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी आत जाऊन पडले. मनात म्हटलं, बरोबर आहे, पालथ्या घड्यावर पाणी. माफी मागायची तर आधी दुसऱ्याचं खरं मानावं लागतं. संध्याकाळी नवऱ्याने आणि भिंत लिंपायला बोलावलेल्या गवंड्याने मिळून आरसा पुन्हा चढवला, तेव्हाही मी बाहेर आले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गिरणीतून पीठ घेऊन आले, तर रस्त्यावरच टोला ऐकू आला. मी दारातच थांबले. तो आवाज मला झोपेतही ओळखू आला असता.

आरशाशेजारी, आडव्या दांड्याच्या मोकळ्या टोकाला, नव्या आकड्यावर बाबांचं घड्याळ होतं. काच पुसलेली, लंबक चालू. सासूबाई मशीनवर मान खाली घालून शिलाई मारत होत्या. "पाच मिनिटं मागे पडतं ते," एवढंच म्हणाल्या.

मी जवळ गेले. घड्याळावरून हात फिरवला, आणि हात मागे गेला तेव्हा बोटाला काहीतरी लागलं. मी वाकून पाहिलं.

दोरा होता.

डोक्यात तिडीक गेली. म्हणजे अजूनही? काल एवढं सगळं उघड्यावर पडलं, तरी आज पुन्हा दोरा? मी घड्याळ उघडते की काय, हे बघायला? मी दोरा धरला आणि तोडायलाच गेले. तो तुटला नाही.

तेव्हा नीट पाहिलं. तो पाळतीचा बारीक दोरा नव्हता. कोटाची बटणं लावायला त्या जो वापरायच्या, तो मेण लावलेला जाड दोरा, आणि तोही दुहेरी. घड्याळाच्या मागच्या कडीतून ओवून दांड्याला कितीतरी फेरे घेतलेला, वर काजाच्या टाक्यासारख्या घट्ट गाठी. आकडा कधी निसटलाच, तर बाबांचं घड्याळ खाली पडू नये म्हणून.

मशीन थांबलं होतं. मी मान वळवली. सासूबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या, तोडायला धरलेल्या माझ्या हाताकडे.

"तपासून घेतलास ना?" त्या म्हणाल्या. "आता पीठ आत ठेव."